कोळशाच्या खडकांचे वय आणि जीवाश्म परागकण

चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीच्या खोऱ्यात उभे राहून भोवताली पाहिले, तर पायांखाली दगडी कोळसा असल्याची खूण सहसा दिसत नाही. वर काळी माती असते. कोठे दख्खनच्या काळ्या पाषाणाची, तर कोठे तांबूस-पिवळसर वालुकाश्माची पाठ उघडी पडलेली असते. कोळसा आहे की नाही आणि असल्यास किती खोल, हे वेधनयंत्राने भोक पाडल्यावाचून कळत नाही. यंत्राच्या पोकळ नळीतून खडकाची गोल कांडी वर येतात. ती लांबट पेट्यांत खोलीच्या क्रमाने मांडून ठेवली जातात आणि त्यांवरून भूवैज्ञानिक खालच्या थरांची नोंद करतो. हिरवट शेल आणि त्यात रुतलेले लहानमोठे गोटे असलेला खडक लागला, की तो तालचीर शैलसमूहाचा असल्याचे ओळखू येते. त्याच्याखाली कोळसा नसतो. म्हणून वेधन तेथेच थांबवितात.

परंतु खडक प्रत्येक वेळी इतका स्पष्ट नसतो. राखी शेल आणि पांढुरका वालुकाश्म यांचे थर आलटून पालटून येत राहतात, आणि ते कोळसाधारी गटाच्या वरचे, खालचे की त्या गटातलेच, हे डोळ्यांनी पाहून ठरत नाही. वेधन पुढे चालवावे की यंत्र उचलून दुसरीकडे न्यावे, हा निर्णय मात्र त्याच दिवशी घ्यावा लागतो. पुढे चालवून काही न लागल्यास पैसा व्यर्थ जातो. लवकर थांबविल्यास कोळशाचा थर पायांखालीच राहतो. अशा प्रसंगी खडकाचे वय हा केवळ पंडितांच्या चर्चेचा विषय राहत नाही. हे वय ठरविण्याचे एक साधन म्हणजे खडकात अडकून राहिलेले प्राचीन वनस्पतींचे परागकण व बीजाणू होत. त्यांच्या अभ्यासास परागविज्ञान म्हणतात.

पानांवरून झालेला घोळ

भारतातील दगडी कोळशाचा फार मोठा भाग गोंडवनी संघ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांत आहे. मध्य भारतातील गोंड राज्यांच्या प्रदेशावरून मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये हे नाव योजिले आणि १८७६ मध्ये फाइस्टमांटेल यांच्या लेखनातून ते प्रथम छापले गेले. दामोदर, सोन, महानदी, पेंच, कन्हान, वर्धा आणि गोदावरी या नद्यांच्या खोऱ्यांत हे खडक लांबट पट्ट्यांनी पसरले आहेत. वर्धा खोऱ्यातील पट्टा पुढे प्राणहिता-गोदावरीच्या पट्ट्यास जाऊन मिळतो. चंद्रपूरचा कोळसा आणि तेलंगणातील सिंगरेणीचा कोळसा या अर्थाने एकाच घरचे आहेत.

या खडकांच्या वयाबद्दल एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला आणि त्याच्या आरंभाशी नागपूरचा संबंध आहे. स्कॉटलंडहून आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ पासून नागपुरात राहत होते. धर्मप्रचार आणि शिक्षण हे त्यांचे काम. परंतु सवड मिळेल तेव्हा हातात हातोडा घेऊन भोवतालच्या खाणी-टेकड्या पाहण्याचा त्यांना छंद होता. आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर-कामठी परिसरातील दगडांवर उमटलेली पाने गोळा केली आणि १८५५ मध्ये या भागाच्या भूविज्ञानावर लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात लेख प्रसिद्ध केला. हिस्लॉप यांचा अंत १८६३ मध्ये झाला. टाकळघाटहून रात्री परत येताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. नागपुरातील हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नावाचे आहे.

त्यांना सापडलेल्या पानांत जिभेच्या आकाराचे, मधोमध ठळक शीर आणि दोन्ही बाजूंस जाळीदार शिरा असलेले ग्लॉसोप्टेरिसचे पान विपुल होते. असे पान युरोपातील कोळशात नव्हते. युरोपातील मोठ्या कोळसाक्षेत्रांचा काळ कार्बॉनिफेरस. तेथील प्रचंड वृक्ष येथे दिसत नाहीत, तेव्हा हे खडक त्याहून पुष्कळ अलीकडचे, बहुधा जुरासिक काळातील असावेत, असा अनेकांचा तर्क झाला. हिस्लॉप व हंटर यांचाही कल तिकडेच होता. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या कोळशाबद्दल नेमका हाच वाद चालू होता. तेथे फ्रेडरिक मॅकॉय पानांवरून तो कोळसा जुरासिक ठरवीत होते आणि विल्यम क्लार्क समुद्री शंखशिंपल्यांवरून तो पुराजीव महाकल्पातील असल्याचे सांगत होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात वनस्पति-जीवाश्मांचे काम पाहणारे ऑटोकार फाइस्टमांटेल यांनी दामोदर खोऱ्यातील वनस्पती ट्रायासिक काळाच्या ठरविल्या. विल्यम ब्लॅनफर्ड यांना ते पटले नाही. वनस्पती एक वय सांगतात आणि प्राणी दुसरेच, अशी विसंगती जगभर कोठे कोठे दिसते, हे त्यांनी १८८४ मध्ये माँट्रियल येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात विस्ताराने मांडले आणि त्यात गोंडवनी खडकांचे उदाहरण पुढे ठेवले.

अखेर क्लार्क आणि ब्लॅनफर्ड यांची बाजू खरी ठरली. मध्य प्रदेशातील उमरियाजवळ १९२१ मध्ये समुद्री शिंपल्यांचा एक पातळ थर सापडला आणि पुढे मनेंद्रगडजवळही असेच जीवाश्म मिळाले. गोड्या पाण्यात साचलेल्या या खडकांत समुद्र काही काळ शिरला होता. त्याने मागे ठेवलेल्या शिंपल्यांमुळे गोंडवनीचा खालचा भाग जगाच्या कालगणनेत पर्मियनच्या पूर्वार्धात बसविता आला. भारतातील गोंडवनी कोळसा पर्मियन काळाचा, म्हणजे ढोबळमानाने २९.९ कोटी ते २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या अवधीतील आहे, हे आज सर्वमान्य आहे.

फाइस्टमांटेल यांच्या विद्वत्तेत काही उणे नव्हते. अडचण पानांचीच होती. ग्लॉसोप्टेरिसची पाने जवळजवळ सबंध पर्मियन काळभर, साडेचार कोटी वर्षांहून अधिक काळ, थोड्याफार फरकाने दिसत राहतात. ज्या वस्तूचे रूप इतका काळ फारसे बदलत नाही, तिच्यावरून त्या अवधीतील पोटविभाग पाडता येत नाहीत. शिवाय वेधनाच्या मनगटाएवढ्या जाड कांड्यात अखंड पान सापडणे हा केवळ योगायोग असतो.

कणाचे कवच

परागकणांची गोष्ट निराळी आहे. मोहोराच्या दिवसांत वाऱ्याबरोबर उडणारी पिवळी धूळ कोणाच्या पाहण्यात नाही? एकेका वृक्षापासून असे लक्षावधी कण दर हंगामास सुटतात. त्यांतील फार थोडे आपल्या कामी येतात. उरलेले पाण्यात पडतात, तळाच्या गाळात मिसळतात आणि गाळाचा खडक झाला की त्यात बंद होतात. नेचे आणि त्यांच्या आप्तांचे बीजाणूही याच वाटेने जातात. कणाच्या आतील जिवंत द्रव्य लवकरच नाहीसे होते. बाहेरचे कवच टिकते. हे कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचे असते. वनस्पतिसृष्टीत इतका चिवट पदार्थ दुसरा क्वचितच आढळेल. बहुतेक आम्लांचा त्याच्यावर परिणाम होत नाही. त्यास दोन गोष्टी मात्र सोसत नाहीत: हवेतील प्राणवायूशी दीर्घकाळ संपर्क आणि तीव्र उष्णता.

गोंडवनी खडकांतील बहुतेक कण ३० ते १५० मायक्रॉन मापाचे असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत दोन मोठे वर्ग सहज दिसतात. काहींवर तीन रेषा एका बिंदूत मिळाल्याची खूण असते. हे नेचे व तत्सम वनस्पतींचे बीजाणू. काहींना मध्यभागी गोलसर देह आणि त्यास जोडलेले फुगीर कोश असतात. वाऱ्यावर तरंगण्यास हे कोश उपयोगी पडत असावेत. कोश कधी एकच असून देहास कड्यासारखा वेढून असतो, तर कधी दोन बाजूंस दोन पंखांसारखे दोन असतात. दोन पंखांच्या काही कणांच्या देहावर आडवे पट्टेही असतात. हे पट्टेदार कण ग्लॉसोप्टेरिस गटातील वनस्पतींचे होत. अलाहाबादचे दिव्यदर्शन पंत व नौटियाल यांनी १९६० मध्ये राणीगंज कोळसाक्षेत्रातील परागकोशांचे वर्णन केले, त्यांत असे कण जागच्या जागी मिळाले. बहुतेक कणांची मातृवनस्पती मात्र अशी हाती लागत नाही. म्हणून कणांस त्यांच्या आकारावरून स्वतंत्र नावे दिली जातात, आणि ती नावे लांबलचक व जीभ अडखळविणारी असतात, हे मान्य करावयास हवे.

भारतात या अभ्यासाचे मूळ लखनौमध्ये आहे. लखनौ विद्यापीठातील प्राध्यापक बिरबल साहनी यांच्या विद्यार्थिनी चिन्ना विर्की यांनी १९३७ मध्ये भारत व ऑस्ट्रेलिया येथील खालच्या गोंडवनी खडकांतील पंखधारी कणांचे वर्णन प्रसिद्ध केले. दोन दूरच्या खंडांतील खडकांत सारख्या घडणीचे कण मिळावेत, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. साहनी यांनी पुढे लखनौलाच पुरावनस्पतिविज्ञानाची संस्था उभारली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिच्या इमारतीचा पायाभरणी समारंभ झाला. पायाच्या दगडात जीवाश्म बसविलेले होते. त्यानंतर आठवडाभरातच साहनी यांचे निधन झाले. पत्नी सावित्री साहनी यांनी संस्थेचे काम पुढे नेले. आज ती बीरबल साहनी पुराविज्ञान संस्थान या नावाने ओळखली जाते, आणि गोंडवनी परागकणांवरील भारतीय कामाचा मोठा भाग तेथेच झाला आहे.

प्रयोगशाळेत

कण खडकातून सोडविण्याची रीत ऐकावयास सोपी, करावयास कष्टाची आहे. प्रथम कांड्याचा बाहेरचा भाग काढून टाकतात, कारण वेधनाच्या वेळी वापरलेला चिखल त्यास लागलेला असतो. आतील तुकडा धुऊन त्याचे वाटाणे होतील इतपत कुटतात. पूड केल्यास कण फुटतात. मग हायड्रोक्लोरिक आम्लाने चुनखडीचा अंश आणि हायड्रोफ्ल्युओरिक आम्लाने वाळू व चिकणमातीचा अंश विरघळवून टाकतात. हे दुसरे आम्ल काचही खाते, म्हणून ते प्लॅस्टिकच्या भांड्यात आणि वाफा ओढून नेणाऱ्या कपाटातच हाताळावे लागते. त्वचेवर पडलेला थेंब आत खोल जखम करतो, आणि वेदना पुष्कळदा उशिरा जाणवते. यानंतर नायट्रिक आम्लात नमुना काही दिवस भिजत ठेवतात. काळा कोळकट भाग त्यामुळे सैल होतो व कॉस्टिक पोटॅशच्या सौम्य द्रावणात तपकिरी रंगाने उतरून जातो. शेवटी अतिसूक्ष्म जाळीच्या चाळणीवर धुऊन जे उरते, ते काचपट्टीवर पसरून कॅनडा बाल्समने पक्के करतात.

मूठभर खडकाचा शेवट असा चिमूटभर अवशेषात होतो. मात्र त्या चिमटीत हजारो कण असू शकतात.

पुढचे काम मोजणीचे. रूढ पद्धतीप्रमाणे प्रत्येक नमुन्यातील सुमारे २०० कण ओळखून त्यांची वर्गवारी करतात व प्रत्येक प्रकाराचे शेकडा प्रमाण काढतात. नवशिक्याला एखादा दुर्मिळ, सुंदर कण सापडल्याचा आनंद होतो; वय ठरविणाऱ्याची नजर मात्र सबंध जमावावर असते. बाजारात एखादा परगावचा माणूस दिसला म्हणून ते गाव त्याचे ठरत नाही. तसेच एकट्या कणाचे. कोणते प्रकार बहुसंख्य आहेत, कोणते नुकतेच दिसू लागले आहेत आणि कोणते आता मिळेनासे झाले आहेत, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे जुळली म्हणजे थराचे स्थान ठरते.

जमावांचा क्रम

गोंडवनी संघाच्या तळाशी असलेला तालचीर शैलसमूह हिमयुगाच्या अखेरचा आहे. त्यातील गोटे हिमनद्यांनी आणून टाकलेले होत. त्या थंड काळातील नमुन्यांत कण थोडे व प्रकारही थोडे असतात, आणि त्यांत कड्यासारख्या एकाच कोशाच्या कणांचे वर्चस्व असते. प्लिकॅटिपोलेनाइट्स आणि पॅरासॅकाइट्स ही त्यांतील ठळक नावे. त्यावरील कऱ्हरबारी थरांतही एककोशी कण भरपूर असतात. परंतु सोबत बीजाणू व दोन पंखांचे कण वाढू लागतात. हवा उबदार होत चालली होती आणि जमीन वनस्पतींनी भरू लागली होती.

बाराकार शैलसमूहात चित्र पालटते. भारतातील कोळशाचा सर्वात संपन्न गट हाच, आणि वर्धा खोऱ्याच्या खाणीही याच कोळशावर आहेत. येथे दोन पंखांचे, परंतु देहावर पट्टे नसलेले शॉयरिंगिपोलेनाइट्स हे कण पुढे येतात. त्यांच्याबरोबर दलदलीच्या काठी वाढणाऱ्या नेचांचे तऱ्हेतऱ्हेचे बीजाणू असतात. बाराकारच्या वरच्या भागात पट्टेदार कणांचे प्रमाण वाढत जाते. त्यानंतरच्या, दामोदर खोऱ्यात कोळसा नसलेल्या मधल्या थरांत डेन्सिपोलेनाइट्स हा दाट, काळसर एककोशी कण लक्ष वेधून घेतो. राणीगंज शैलसमूहात तर पट्टेदार द्विपंखी कणांचे राज्यच असते. स्ट्रायाटोपोडोकार्पाइट्स, फॉनिपोलेनाइट्स, क्रेसेंटिपोलेनाइट्स अशी त्यांची नावे. त्यावरील पंचेत खडकांत ट्रायासिक काळ सुरू होतो. ग्लॉसोप्टेरिसची वने संपतात, लुनाटिस्पोराइट्स व क्लाउसिपोलेनाइट्स यांसारखे कण वाढतात आणि कोळसा नाहीसा होतो. ट्रायासिकच्या आरंभीचा कोळसा भारतातच काय, जगात कोठेही मिळत नाही.

या क्रमाचा उपयोग कसा होतो, याचे चांगले उदाहरण कामठीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांचे आहे. हा शैलसमूह नागपूरजवळच्या कामठीवरून नाव मिळालेला आणि हिस्लॉप यांच्या संग्रहामुळे आधीपासून प्रसिद्ध. वर्धा खोऱ्यात तो कोळसाधारी बाराकारवर पांघरूण घातल्यासारखा पसरला आहे. पुष्कळ ठिकाणी मधले थर मुळीच नाहीत, म्हणजे मधल्या काळात झीज झाली होती. त्याचे वय पर्मियन मानावे की ट्रायासिक, यावर दीर्घकाळ मतभेद होते. तांबड्या वालुकाश्मातून उत्तर मिळत नव्हते, कारण ज्या हवेने लोहास तांबडा रंग आणला तिनेच परागकणही नष्ट केले. गोदावरी खोऱ्यातील वेधनांत मात्र या गटाच्या खोलवरच्या, हवा न लागलेल्या राखी शेलची कांडी मिळाली. त्यांतील कण मोजले असता खालच्या भागात राणीगंजच्या तोडीचा पर्मियन जमाव आणि वरच्या भागात ट्रायासिक जमाव आढळला. एकच नाव दिलेल्या खडकाच्या पोटातून दोन महाकल्पांमधील सीमा जात होती. गोदावरी खोऱ्यात काही ठिकाणी या खालच्या भागात कोळशाचे थरही आहेत. तेव्हा कामठीचा खडक लागला म्हणजे कोळशाच्या वरच आहोत, असे डोळे मिटून धरता येत नाही.

दुसरा उपयोग विभंगांच्या बाबतीत होतो. गोंडवनी पट्टे जमीन खचून तयार झाले आहेत. त्यांत थर तुटून काही मीटरपासून शेकडो मीटरपर्यंत वरखाली सरकलेले असतात. शेजारच्या दोन भोकांत मिळालेले कोळशाचे थर एकच की दोन, हे जाडीवरून सांगणे धोक्याचे असते. त्यांच्या वरखालच्या शेलमधील कणांचे प्रमाण जुळले तर ते एकच असण्याची शक्यता बळावते. न जुळल्यास खाणीचा नकाशा नव्याने आखावा लागतो.

मिठाच्या डोंगरातील धडा

परागकण खोटे बोलत नाहीत, असे कोणी म्हणत असेल तर त्याने पंजाबातील मिठाच्या डोंगराचा इतिहास वाचावा. हा प्रदेश आता पाकिस्तानात आहे. खेवड्याच्या प्रसिद्ध मिठाच्या खाणी तेथेच आहेत. तेथील मिठाच्या थरांवर कॅम्ब्रियन काळाचे, त्रिखंडी प्राण्यांचे जीवाश्म असलेले खडक आहेत. खालचा थर जुना, या साध्या नियमाने मीठ कॅम्ब्रियन किंवा त्याहून जुने ठरते. परंतु भूकवचातील हालचालींमुळे जुने खडक नव्या खडकांवर सरकून बसल्याची उदाहरणे ठाऊक होती, आणि येथेही तसेच झाले असावे असे काहींचे म्हणणे होते.

साहनी यांनी या प्रश्नास हात घातला तो सूक्ष्मजीवाश्मांच्या मार्गाने. मीठ व त्याच्या सोबतचे खडक विरघळवून त्यांनी अवशेष तपासले. त्यांत लाकडाचे सूक्ष्म तुकडे, पानांची त्वचा व कीटकांचे अवशेष मिळाले. कॅम्ब्रियन काळात जमिनीवर ना वृक्ष होते, ना कीटक. तेव्हा मीठ इओसीन काळाचे, म्हणजे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या प्रश्नावर १९४४ व १९४५ मध्ये परिसंवाद भरले. दोन्ही पक्षांचे मातब्बर भूवैज्ञानिक त्यांत बोलले. साहनी निष्काळजी नव्हते. नमुने बाहेरून दूषित होऊ नयेत म्हणून त्यांनी खबरदारी घेतली होती आणि पुन्हा पुन्हा तपासणी केली होती.

तरीही निष्कर्ष चुकला. मिठाचे थर कॅम्ब्रियनच्या आरंभाचे किंवा त्याच्या किंचित आधीचे, सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीचे, असे आता मानले जाते. म्हणजे चूक दहापटीहून अधिक होती. मीठ पाण्यात विरघळते, पुन्हा स्फटिकरूप होते आणि दाबाखाली वाहतेही. अशा खडकात पुढच्या काळातील सूक्ष्म कस्पटे शिरणे आणि पक्की बसणे अशक्य नाही. आपल्या थोर शास्त्रज्ञांच्या चरित्रांत हे प्रकरण बहुधा एका ओळीत उरकले जाते. ते तसे उरकू नये. साहनी यांच्या मोठेपणास त्याने बाध येत नाही, आणि परागविज्ञानाच्या विद्यार्थ्यास त्याच्याइतका उपयोगी पाठ दुसरा मिळणे कठीण आहे.

कोळशाच्या बाबतीत हा धोका ओळखण्याची एक सोय निसर्गाने करून ठेवली आहे. पर्मियन काळी फुले येणाऱ्या वनस्पती जन्मासच आल्या नव्हत्या. तमिळनाडूतील नेयवेलीच्या लिग्नाइटात किंवा आसामातील माकुमच्या कोळशात फुलझाडांचे परागकण विपुल असतात, कारण तो कोळसा कित्येक कोटी वर्षांनी नंतरचा आहे. बाराकारच्या काचपट्टीवर गवताचा किंवा एखाद्या फुलझाडाचा कण दिसला, तर तो निःसंशय बाहेरचा पाहुणा असतो: खिडकीतून आलेला, नळाच्या पाण्यातून आलेला, नाहीतर वेधनाच्या चिखलातून आलेला. त्याचा रंगही फिकट व ताजा असतो. असे कण मिळाले की चांगली प्रयोगशाळा सबंध नमुना बाद करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते.

उलट दिशेची फसवणूक अधिक कठीण असते. जुना खडक झिजून त्याचे कण नव्या गाळात येऊन पडले, तर तेही जीवाश्मच असतात. तालचीरचे एककोशी कण असेच कित्येकदा नंतरच्या थरांत मिळतात. त्यांचा थोडा गडद रंग, झिजलेल्या कडा आणि भोवतालच्या जमावाशी न जुळणारे त्यांचे अस्तित्व यांवरून अनुभवी नजर त्यांना वेगळे काढते. पण येथे अनुभवास पर्याय नाही.

उष्णतेचा प्रश्न वेगळाच आहे. कण जितका तापला, तितका त्याचा रंग पिवळ्याकडून नारिंगी, तपकिरी आणि शेवटी काळा होत जातो. त्यावरून खडकाने किती उष्णता सोसली याचा अंदाज बांधता येतो, आणि तेल व वायूच्या शोधात या रंगाचा उपयोग केला जातो. परंतु झरिया व राणीगंज क्षेत्रांत जेथे तप्त शिलारस कोळशाच्या थरात घुसला, तेथे कोळशाचा भाजून झामा झाला आहे. अशा जागी कणही करपलेले असतात आणि त्यांच्यावरून काही ओळखता येत नाही.

क्रम आणि वर्षे

येथवर सांगितलेल्या पद्धतीने थरांचा क्रम लागतो: हा आधीचा, तो नंतरचा, हा त्याच्या तोडीचा. वर्षांचा आकडा परागकणांपासून मिळत नाही. तो मिळविण्यास ज्वालामुखीची राख लागते. राखेत झिरकॉन नावाच्या खनिजाचे स्फटिक असतात. त्यांतील युरेनियमचे ठराविक गतीने शिशात रूपांतर होते आणि दोहोंच्या प्रमाणावरून स्फटिकाचे वय काढता येते. पूर्व ऑस्ट्रेलियातील पर्मियन कोळशात राखेचे पातळ थर वारंवार येतात, आणि त्या कोळशातील परागकणांचे जमावही उत्तम अभ्यासलेले आहेत. जमाव आणि वर्षे यांची गाठ तेथे थेट घालता येते.

ही गाठ अचूक उपकरणांनी नव्याने घातली गेली, तेव्हा ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांना धक्काच बसला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनांनुसार मध्य व उत्तर पर्मियन काळातील परागकणांचे कित्येक पट्टे पूर्वी मानल्यापेक्षा अलीकडचे निघाले. जमावांचा क्रम बरोबर होता. त्यांना चिकटविलेली वर्षे चुकली होती. सिडनी खोऱ्यात केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात ग्लॉसोप्टेरिसच्या वनांचा अंत २५.२३ कोटी वर्षांपूर्वी झाल्याचे, म्हणजे समुद्रातील जीवांच्या महाविनाशाच्या सुमारे ३ लाख ७० हजार वर्षे आधी झाल्याचे आढळले.

भारतातील जमावांचे वय ठरविताना ऑस्ट्रेलियाच्या जमावांशी तुलना करण्याचा प्रघात जुना आहे. विर्की यांच्या लेखापासूनच तो दिसतो. तिकडची वर्षे बदलली, की इकडच्या तक्त्यांतील आकडेही पुन्हा तपासावे लागतात. खाणीवरील भूवैज्ञानिकाचे काम त्यामुळे अडत नाही. कांड्यातील शेल बाराकारचा की कामठीचा, आणि वेधन आणखी खाली न्यावयाचे की नाही, हे ठरविण्यास त्याला क्रम पुरेसा असतो. तो क्रम काचपट्टीवर मोजलेल्या दोनशे कणांतून आजही पूर्वीइतकाच नीट लागतो.